शेवंतीबाईंचा आवाज

शेवंतीबाईंनी हाक मारली की लालबागच्या त्या चाळीत तिन्ही मजल्यांना ऐकू जायची. अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या हातापायाबरोबर त्यांची वाचाही गेली. समजायचं सगळं, सांगता काही येत नव्हतं. मग त्या डाव्या हाताने कॉट बडवायच्या. लेक आकांक्षा पाणी आणायची, चादर सरकवायची, पंखा लावायची. चुकलं की आई भिंतीकडे तोंड फिरवायची. पुढे तिने जेवण जवळजवळ सोडलंच.

मोबाईलवर चित्र दाबलं की बोलणारं एक तयार अ‍ॅप मिळालं, पण त्यातली बाई हिंदीत बोलायची. शेवंतीबाईंनी फोन भिरकावला.

आकांक्षा लोअर परळच्या मॉलमध्ये लिपस्टिक विकायची. जन्मात कधी कोड लिहिला नव्हता. तरी जुना लॅपटॉप उघडून, व्हिडिओ बघत बघत ती स्वतःच अ‍ॅप बनवायला बसली. साधंच हवं होतं: चार चित्रं, दाबली की आवाज. आवाज मात्र आईचाच. आईने पूर्वी पाठवलेल्या मालवणी व्हॉइस मेसेजमधून तिने पाणी मागण्याचा, चहाचा, दुखण्याचा आणि नकाराचा असे चार तुकडे कापले. ‘पाणी हाड गो.’ ‘चाय ठेव.’ ‘दुखता गो.’ ‘नको माका.’

पण अ‍ॅप काही चालेना. स्क्रीनभर चुकांच्या लाल ओळी. एक पुसावी तर तीन उगवायच्या. आईसाठी घेतलेली रजा संपत आली, आईच्या गळ्याची हाडं वर आली. “आये, जरा थांब गो,” म्हणत ती स्वतःच रडायची. शेवटी कळलं, आवाजाच्या फायलींना तिने मराठीत नावं दिली होती. तिथे ती इंग्रजीतच लागत होती. नावं बदलली, फोन केबलने जोडला, आणि चार चित्रं उमटली.

आईचं बोट धरून तिने पहिलं दाबलं. ‘पाणी हाड गो!’ खणखणीत.

शेवंतीबाई दचकल्या आणि हमसून रडायला लागल्या. स्वतःचाच गेलेला आवाज ऐकून आईचं काय होईल, हे आकांक्षाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“चुकलं गो माझं. काढून टाकते.”

आईने फोन सोडला नाही. डाव्या हाताचं बोट चित्रांवरून फिरलं. ‘नको माका.’ मग, ‘दुखता गो.’

“खय दुखता, आये?”

बोट गालाकडे गेलं. आकांक्षाने तोंड उघडून टॉर्च मारला. लुळा पडलेला उजवा गाल आतून दातांखाली चावून चावून सोलून निघाला होता. आणि त्याच बाजूने ती रोज गरम, तिखट आमटीभात भरवत होती.

तिने पेज केली, पार गार होऊ दिली आणि डाव्या बाजूने चमचा लावला. आईने तोंड उघडलं.