तांडेलाच्या खाटेखालच्या विटा

डहाणूत दवाखाना थाटला तेव्हा वाटलं होतं, अनुभव साठेल. साठले किस्से! त्यातही छातीतल्या जळजळीचे सगळ्यात जास्त.

जुन्या जळजळीवर उपाय ठरलेले. जेवणाआधीची गोळी, तात्पुरत्या आरामाला पातळ औषध, रात्री लवकर जेवण, उशाकडून उंच केलेली खाट. एवढं करूनही नाहीच जमलं तर तपासण्या आणि ऑपरेशन. उपाय सरळ आहेत. माणसं नाहीत!

तलासरीचे एक गुरुजी पातळ औषधाची बाटली स्कूटरच्या डिकीतच ठेवतात. मी म्हटलं, "गुरुजी, ते जळजळ झाल्यावर घ्यायचंय."

"हो ना! मग मिरचीची भजी खाल्ल्याशिवाय ती होणार कशी?"

घोलवडच्या चिकूवाल्या शेठना सांगितलं, सातला जेवा. शेठनी ऐकलं. तरी त्रास तसाच!

"सातला जेवतोच ने, डॉक्टर! पण दहाला पाहुणे आले. ते जेवण थोडंच, ती तर कंपनी!"

दामू तांडेल माझा लाडका पेशंट. स्वतःची बोट, राकट हात, स्वभाव लोण्यासारखा. गोळी जेवणाआधी अर्धा तास घे म्हटलं, तर हसला. "डाक्टर, बोटीवर जेवण कधी, ते मासळी ठरवते!"

तरी गोळी नेमाने घेऊ लागला. दिवस बरा जायचा, पण रात्री घशाशी आंबट आलं की उठून बसायचा. खाटेखाली विटा लावायला सांगितल्या. लावल्या. त्रास वाढला!

शेवटी ऑपरेशनचा विषय काढला, तसा एवढा धिप्पाड गडी रडवेला झाला. "मग जाळं कोण ओढंल? जानकी बाजारात विकंल काय?" जानकी म्हणजे त्याची बायको. मलाही फार वाईट वाटलं. म्हटलं, सर्जनकडे पाठवण्याआधी एकदा घरी जाऊन बघू.

खाटेखाली विटा होत्या, अगदी नीट. उशी मात्र दुसऱ्या टोकाला!

"हे काय?"

जानकीबाई कडाडल्या, "यांनी विटा लावल्या उत्तरेला. तिकडं डोकं केलं की पाय दक्षिणेला! जित्या माणसाला असं निजवू? मीच उशी फिरवली."

आम्ही विटा फिरवल्या.

काही दिवसांनी दामू आला. झोप झालेला, हसरा. ऑपरेशन तूर्त टळलं होतं. भरल्या दवाखान्यात मोठ्याने म्हणाला,

"काय डाक्टर, म्हणजे इतके दिवस तुम्ही माझ्या पायांची जळजळ बरी करत होता!"