बाईंचं वाक्य, माझी शाल

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. मुलीने एकदा विचारलं होतं, "बाबा, तुम्ही ते कॉम्प्युटरवरचं मराठीचं काम एकदम का सोडलंत?" मी डोळ्यांचं कारण पुढे केलं. डोळे ठीक आहेत. मला स्वतःची किळस आली होती, आणि ते मुलीला कोणत्या तोंडाने सांगायचं हे कळत नव्हतं.

मी संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणी विभागात होतो. आलेला सुटा भाग मापायचा, मापात बसला नाही तर लाल शिक्का मारून परत पाठवायचा, हे आयुष्यभराचं काम. निवृत्तीनंतर चेन्नईच्या अंबत्तूर भागातच राहिलो. आमच्या मराठी मंडळात पुण्याहून नोकरीसाठी आलेली एक इंजिनिअर होती. ती फावल्या वेळात एका ब्लॉकचेनच्या सॉफ्टवेअरवर काम करायची. ब्लॉकचेन म्हणजे एक सामाईक नोंदवही, तिच्या प्रती हजारो कॉम्प्युटरांवर असतात, एवढं तिने मला समजावलं. सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं. कोणीही दुरुस्ती पाठवावी, भाषांतर पाठवावं. ते मंजूर झालं की बक्षीस म्हणून त्यांची डिजिटल नाणी मिळत आणि योगदान देणाऱ्यांच्या यादीत नाव लागे.

"काका, मराठी तपासायला कोणीच नाहीये. तुम्ही बघा ना."

तपासायचं म्हटल्यावर मी विचारही केला नाही.

तिथे बक्षिसासाठी माणसं काय काय करत! एकाच वाक्यातला स्वल्पविराम आज पाठवायचा, पूर्णविराम उद्या, म्हणजे बक्षिसं दोन. दोघांनी संगनमत करून एकमेकांचं काम न वाचता मंजूर करायचं. सुरुवातीला मी असलं काम परत पाठवायचो. महिन्याभरात मीही स्वल्पविराम वेगळे पाठवू लागलो.

आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहत. बँकेतून निवृत्त, एकट्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या तंजावरचं. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, तमिळ हेल असलेलं. मंडळात त्या बोलू लागल्या की आम्ही महाराष्ट्रातून आलेले लोक एकमेकांकडे बघून हसायचो. मी तर घरी त्यांची नक्कल करून दाखवायचो.

एकदा लिफ्टपाशी त्यांनी मला गाठलं. "राव, मलाही तें काम होणें."

होणें म्हणजे हवं आहे, एवढं मला कळत होतं.

"नाणीं तुम्हीच घ्या. मला यादींत नांव होणें. आमचं मराठी मराठीच नव्हे म्हणतात ना तुमच्या मंडळांत? एकदां तिथें लागूं द्या, मग बघतें कोण हंसतो तें."

मी त्यांना नोंदणी करून दिली. तिथे काम करताना सगळे टोपणनावाने वावरतात, खरं नाव फक्त यादीत लागतं. तपासनीस मीच आहे, हे मात्र सांगितलं नाही.

त्यांनी पहिलंच पान अवघड निवडलं. खात्याची किल्ली हरवली तर बारा शब्दांच्या आधारे ते खातं परत मिळतं. ते शब्द जपून ठेवा, असं सांगणारं पान. मी त्या पानाशी दोन आठवडे झटत होतो. माझं वाक्य होतं, "पुनर्प्राप्ती शब्दसमूहाची गोपनीयता अबाधित राखावी." बाईंनी लिहिलं होतं, "हीं बारा शब्दं सख्ख्या माणसालाही सांगूं नका. गेलीं तर देवालाही काढून देतां येणार नाहीं."

मी ते पुन्हा वाचलं. शेजारच्या कोणालाही एका दमात कळेल असं वाक्य. मग मी खाली लिहिलं, "भाषा प्रमाण नाही. नामंजूर."

दुसऱ्या दिवशी त्या जिन्यात भेटल्या. "कोण तो माणूस, राव? एका ओळींत सगळं फेकून दिला!"

"तिथले लोक कडक असतात, बाई. मनावर घेऊ नका."

"परवाइल्लै, असूं दे. पण कुठें चुकलें तें तरी सांगावं कीं नाहीं?"

चार दिवसांनी मी त्यांचंच पान घेतलं, अनुस्वार काढले, "गेलीं"चं "हरवले" केलं आणि माझ्या नावाने पाठवलं. पुण्याच्या इंजिनिअरने काकांचं काम म्हणून न वाचता मंजूर केलं. नाणी आली. नाव लागलं.

गणपतीत मंडळाने माझा सत्कार ठेवला. नव्या तंत्रज्ञानात मराठी नेणारे ज्येष्ठ सभासद, वगैरे. चेन्नईच्या उकाड्यात खांद्यावर लोकरीची शाल, हातात नारळ.

"काका, एखादं वाक्य वाचून दाखवा ना!" कोणीतरी ओरडलं.

मला दुसरं वाक्य आठवेना. की आठवायचं नव्हतं? मी तेच वाचलं. टाळ्या पडल्या. बाई दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही, मानही खाली घातली नाही.

प्रसादाच्या वेळी त्या जवळ आल्या. "वाक्य बरं आहे, राव. देवाला तेवढं राहूं दिलां."

बस, एवढंच. चपला घातल्या आणि गेल्या.

त्यानंतर त्या माझ्याशी मराठी बोलल्याच नाहीत. जिन्यात भेटल्या की "गुड मॉर्निंग, सर." त्या मंडळात येईनाशा झाल्या. यादीत त्या पानापुढे त्यांचं नाव लावून घेणं कठीण नव्हतं. एक निरोप पाठवला असता तर झालं असतं. पण मंडळाच्या अंकात शालीतला फोटो छापून आला होता, आणि त्या फोटोतल्या माणसाला मी वाचवत बसलो.

पुढल्या वर्षी त्या तंजावरला भावाकडे कायमच्या निघाल्या. तिथेच त्या गेल्या, हे मला फार उशिरा कळलं. निघायच्या दिवशी हमाल सामान उतरवत होते आणि मी लिफ्टचं दार धरून उभा होतो.

"टेक केअर, सर," त्या म्हणाल्या.

मी हमालांना म्हणालो, "आरसा सांभाळा." मला म्हणायचं होतं, बाई, तो माणूस मीच. तुमचं कुठेच चुकलं नव्हतं. मला माफ करा.