सोवळ्यातलं विमान

ती घटना आजही आठवायची म्हटली की आधी बँड ऐकू येतो. ग्वाल्हेरच्या एका सरदारांनी दोन माणसांपुरतं विमान विकत घेतलं होतं आणि दसऱ्याच्या सकाळी ते मैदानावरून उडवून दाखवायचं ठरलं होतं. हत्ती, शामियाना, मानकऱ्यांच्या खुर्च्या दर्जाप्रमाणे. विमान उडालं, झाडांपर्यंत गेलं आणि वर चढण्याऐवजी नाक खाली करून बाजरीच्या शेतात कोसळलं. वैमानिक जागीच गेला. बँडला थांबायचा हुकूम मिळाला नव्हता, म्हणून तो वाजतच राहिला.

मी तेव्हा ठाणेदार होतो. दुपारी सरदारांचे कारभारी खबर घेऊन आले. "घातपात आहे. विमानाच्या मिस्त्रीनं केलाय. कालच तो वैमानिकाला म्हणत होता, असाच उडशील तर मरशील." सोबत दोन साक्षीदारही होते. खबरीबरोबर साक्षीदार तयार असले की मी सावध होतो. खरी खबर बहुधा एकटी येते.

तरी मिस्त्रीला हवालातीत घेणं भाग होतं. आरोप खुनाचा, म्हणजे प्रश्न फासाचा. माणूस इथल्याच जुन्या शिपाई घराण्यातला.

"म्हणालास का तसं?"

"रोज म्हणायचो, साहेब. उडायच्या पहिले विमानाभोवती पूरी चक्कर मारायची, पंख, शेपूट हातानं हलवून बघायचं. त्याला कंटाळा. म्हणायचा, तू बघतोस ना, झालं मग."

"आज बघितलंस?"

"पहाटे बघितलं, ठीक होतं. मग पूजा झाली. भटजी म्हणाले, विमान सोवळ्यात आहे, आता हात नको. मला दोरीबाहेर उभा केला."

"आणि वैमानिक?"

"त्याला ओवाळत होते ना! मुहूर्त निघून चालला होता. मी ओरडलो, एक चक्कर मार रे! त्या बँडमध्ये कोण ऐकतंय?"

आमच्या ठाण्यात पहारा बदलताना नवा शिपाई प्रत्येक बंदूक उघडून बघतो, जुन्यानं आत्ताच बघितली असली तरी. त्यात कुणाचा अपमान नसतो. मिस्त्रीचं म्हणणं मला पटलं; पण पटणं हा पुरावा नव्हे.

दुसऱ्या सकाळी पंचांना घेऊन शेतात गेलो. विमानाचं शेपूट शाबूत होतं, पण विमानाला वर चढवणारी त्याची खालीवर होणारी फळी मध्येच अडकली होती. बिजागरीच्या फटीत पूजेचा लाल नाडा गुंतून घट्ट बसला होता. त्याला झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. पंचनामा केला आणि भटजींना बोलावलं.

"शेपटाला हार कुणी बांधला?"

"मीच. पूजा सर्वांगाची असते."

"सोडला कुणी?"

"सोडणं आमच्याकडे नसतं."

मागचा हार नोकरांनी ओढून काढला होता. फुलं हातात आली, नाडा राहिला. कारभाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "पुढचे हार मी स्वतः नीट काढवले. फोटो पुढून होता."

मिस्त्रीला त्याच संध्याकाळी सोडलं. पुढे वरून मंजूर होऊन आलेल्या अहवालात नाड्याची जागा 'दैवी आपत्ती'नं घेतली होती.

शेकडो डोळे एखाद्या गोष्टीवर खिळले म्हणजे ती कुणी तपासली असं होत नाही, हे मी त्या प्रकरणात शिकलो. पुढे प्रत्येक बंदोबस्ताच्या दिवशी, वाजंत्री यायच्या आधी, मी एकटाच सगळं फिरून बघत असे. लोक हसत.

सुटल्यावर मिस्त्री घरी गेला नाही. ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिला. वैमानिक मुंबईकडचा, जयेंद्रगंजात खोली घेऊन राहणारा. मागेपुढे कुणी नव्हतं. या गावात त्याला 'अरे' म्हणणारा एकच माणूस, आणि तो माझ्या हवालातीत होता. अंत्यसंस्कार त्याच दिवशी सकाळी सरकारी खर्चानं उरकले होते.

"स्मशानात कोण कोण होतं, साहेब?"

मी हवालदाराकडे बोट दाखवलं.

मिस्त्री त्याच्याकडे वळला. "भैया, त्याचं सगळं नीट झालं ना?"

हवालदारानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "झालं. अगदी रीतीप्रमाणे."

नोकरीत एवढी एकच जबानी मी उलट न तपासता मान्य केली.