टाकीवरचा रंग

माझ्या मावशीचे यजमान बसच्या वर्कशॉपमध्ये रंगारी होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. वर्कशॉपमध्ये त्यांचं नाव होतं 'आरसा'. त्यांनी रंग मारलेल्या पत्र्यात बघून भांग पाडता येतो, अशी ख्याती होती. बोलणं मोजकं, चालणं घाईचं. घरात रिकामं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग खोकला सुरू झाला. आधी हवा बदलली म्हणून, नंतर वय झालं म्हणून त्यांनी तो अंगावर काढला. एक दिवस कामावर शिडीच्या तळाशी दम लागून बसले, ते त्यांना उठवेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि सांगितलं की इतक्या वर्षांच्या रंगाने फुप्फुसं कडक झाली आहेत. गेलं ते परत येणार नाही, पण उरलंय ते जपलंत तर अजून बराच काळ काढाल. रंगाचा, थिनरचा वाससुद्धा वर्ज्य.

काका घरी बसले. बसले म्हणजे भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायला हाक मारली की "ठेव तिथं" एवढंच. मावशी कापडाच्या दुकानात कामाला होती. तिथे गिऱ्हाइकांपुढे ठाण उलगडतानाही तिच्या मनाला एकच घोर: हा माणूस दुखण्याने नाही, रिकामपणाने जाईल. शेवटी तिनेच मागच्या शेडमधल्या मोटरसायकलची आठवण काढली. काकांना ज्या उस्तादांनी काम शिकवलं, त्यांची ती गाडी. उस्ताद गेल्यावर ती काकांकडे आली आणि 'करू कधीतरी' म्हणता म्हणता गोणपाटाखाली गंजत पडली.

पहिल्या दिवशी काकांनी नुसतं गोणपाट बाजूला केलं आणि परत येऊन झोपले. दुसऱ्या दिवशी पाना मागितला.

मावशीचा भाऊ, म्हणजे माझा मामा, गॅरेजवाला. सुट्टीच्या दिवशी येऊन त्याने इंजिन उतरवलं आणि दुरुस्तीला नेलं. बाकीची गाडी काकांनी सुटी केली. धूळ उडू नये म्हणून पाणी लावून पॉलिश पेपरने गंज घासायचा, दम लागला की थांबायचं, परत घासायचं. हळूहळू ताटातलं संपू लागलं. स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याशेजारी आरे, खिडकीत कार्बुरेटर, मोरीत मडगार्ड. "म्हातारपणी सवत आणलीत घरात," मावशी म्हणायची. पण तिचा चेहरा उजळला होता.

राहिला रंग. मामाने सांगितलं, बाहेरून मारून आणतो. काकांना ते पटेना. मग मावशीच म्हणाली, मी मारते, तुम्ही आतून दाखवा. अंगणात तारेला गाडीची पेट्रोलची टाकी टांगली, काका बंद काचेमागे खुर्चीत. ते हाताने खुणा करत, हळू, लांब धर, आता थांब. आणि मावशी तोंडाला मास्क लावून जीव तोडून रंग फवारायची गन चालवत होती. रंग वाळल्यावर काकांनी टाकी मांडीवर घेतली, उजेडात फिरवून फिरवून पाहिली.

"कसं झालंय?" मावशीनेच विचारलं.

"चांगलं झालंय."

रंगाच्या बाबतीत ते आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलले असतील.

पुढे एका संध्याकाळी मावशी दुकानातून परतली, तर फाटकातच वास आला. काका पायरीवर बसले होते, ओठ निळे पडलेले. तारेला टांगलेली टाकी ओली चकचकत होती. मावशीने मारलेला रंग घासून काढून त्यांनी स्वतः नवा मारला होता.

दवाखान्यातून काका परत आले ते नाकात नळी आणि उशाशी घरघरणारं यंत्र घेऊन. मावशीने आठवडाभर सगळं केलं, बोलली मात्र औषधापुरतंच. मग एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने विचारलं, "माझा हात इतका वाईट होता?"

काकांना वाक्य पुरं करायला दोनदा थांबावं लागलं. "तुझा हात वाईट नव्हता. माझा अजून शाबूत आहे का, ते बघायचं होतं."

"आणि मी? माझं काय होईल ते नाही बघितलं?"

मावशी घड्या उचलून आत गेली.

मामाने गाडी जोडून पुरी केली. धूर घरात यायला नको म्हणून ती ढकलत गल्लीच्या टोकाला नेऊन सुरू केली. बंद खिडकीतून काकांना आवाज अगदी पुसट आला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

भेटायला वर्कशॉपची माणसं आली. त्यांत काकांच्या हाताखाली तयार झालेला, आता तिथला मुख्य रंगारी असलेला माणूस होता. तो गाडीपाशी उकिडवा बसला, टाकीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, असा रंग आता कोणी मारत नाही. बोलता बोलता त्याला खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. मावशीने पाणी आणून दिलं. उद्या माझ्याबरोबर छातीच्या डॉक्टरांकडे चल, असं तिने बजावलं. येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मावशी दवाखान्याच्या दारात दुपारपर्यंत उभी राहिली. मग तिथून सरळ वर्कशॉपवर गेली आणि सगळ्यांदेखत तिने त्याच्या हातातली गन काढून घेतली.