एस्थरमावशींचा कपडेपट

एस्थरमावशी गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी ऑफिसला जाताना मोटरवेवर होतो. पुढच्याच एक्झिटला बाहेर पडलो, गाडी कडेला लावली.

मावशी अलिबागजवळच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबातल्या. लग्न होऊन तेल अवीवला गेल्या आणि तिथल्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या कपडेपटात त्यांनी तीस वर्षं शिवणकाम केलं. २०१४ मध्ये इकडे परदेशात, आमच्या फ्लॅट बुश उपनगरात मुलीकडे राहायला आल्या, त्या आमच्या शेजारीच. "हिब्रू मी विंगेत शिकले," असं सांगायच्या. प्रेक्षकांत कुणी रशियातून आलेलं, कुणी येमेनमधून, कुणी कोकणातून. घरोघरी भाषा निराळी. शतकानुशतकं मुख्यतः प्रार्थनेत आणि ग्रंथांत राहिलेली हिब्रू भांडताना, लाडात येताना कशी वाटते, हे ऐकायला ही माणसं तिकीट काढून यायची. "देशाच्या आधी आमचं थिएटर जन्मलं, बरं का!" हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची.

पुढे आमच्या इथल्या मराठी मंडळानं मुलांचं नाटक इंग्रजीत करायचं ठरवलं. मुलांना मराठी समजायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. माझी तेव्हा अकरा वर्षांची सई त्यातलीच. मीही इंग्रजीसाठीच हात वर केला होता. मावशी सभेत उठल्या. "स्वयंपाकघरात भाषा नुसती तग धरते. स्टेजवर आणा, म्हणजे पोरांना तिचा अभिमान वाटेल. तालीम मी घेते."

चार महिने त्यांच्या गराजमध्ये तालमी झाल्या. प्रयोगात भाजीवाली झालेली सई वाक्य विसरली. तिनं विंगेत संहिता घेऊन बसलेल्या मावशींकडे पाहिलं. मावशींनी संहिता मिटली. तशी सई कमरेवर हात ठेवून कडाडली, "घ्यायची तर घ्या, उगाच भेंड्या मोडू नका!" हे वाक्य संहितेत नव्हतंच. अख्खा हॉल हसत सुटला.

"मावशी, सांगितलं का नाही तिला?" मी नंतर विचारलं.

"पाठ केलेलं संपलं होतं रे. आता तिचं स्वतःचं यायचं होतं."

गेल्या रविवारी मावशींच्या मुलीनं ते गराज नव्या नाटकाच्या तालमीसाठी उघडून दिलं. मावशींनी शिवलेले कपडे ओळीनं टांगलेले होते. प्रत्येक कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं, देवनागरीत, एकेका मुलाचं नाव. सई एकेक नाव मोठ्यानं वाचत गेली. शेवटच्या झग्याची कॉलर कोरी होती. तो कुणाला बसतो, हे तिनं लहान मुलींना उभं करून पाहिलं आणि मग माझ्याकडे वळली.

"बाबा, सुई आणि लाल दोरा दे ना."