बावीस वर्षं उभ्यानं

माझ्या सासूबाई बसमध्ये कंडक्टर. गर्दीत त्यांचा आवाज चढला की उंचेपुरे गडीही निमूट पुढे सरकायचे. कंडक्टरची सीट रिकामी असली तरी त्या बसायच्या नाहीत. दांडीला टेकून दहा-दहा तास उभ्या. डेपोत त्यांना सगळे ‘खांबबाई’ म्हणायचे.

घरात मात्र मला त्यांचा राग यायचा. माझ्या बाळंतपणात त्यांनी रजा घेतली, स्वयंपाकपाणी सगळं केलं, पण बाळाला एकदाही खाली वाकून उचललं नाही. “मांडीवर ठेव माझ्या,” म्हणायच्या. पाण्याची बादली हलवायची झाली तरी मुलाला हाक. मला वाटायचं, बाईचं काळीज दगडाचं आहे.

सहा आठवड्यांनी मी तपासणीला गेले, त्याही सोबत आल्या. डॉक्टरीणबाईंनी बाळाचं विचारलं, टाक्यांचं विचारलं आणि मग सरळ म्हणाल्या, “शिंकताना, हसताना लघवीचे थेंब गळतात?”

मी सासूबाईंकडे चोरून पाहिलं. “गळतात.”

“मग लाजता काय? खूप जणींचं होतं.” त्यांनी टेबलावरचा कमरेच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा पुढे ओढला. “ही खालची स्नायूंची झोळी. मूत्राशय, गर्भाशय, सगळं हिनं पेललेलं असतं. बाळंतपणात ही ताणली जाते. बहुतेकींची व्यायामानं सावरते. काहींची नाही सावरत, मग अंग, म्हणजे गर्भाशयच, खाली उतरतं.”

“आणि ते बावीस वर्षं बाहेरच असेल तर?”

आवाज सासूबाईंचा होता, पण मी तो ओळखलाच नाही. इतका बारीक.

डॉक्टरीणबाई त्यांना पडद्याआड घेऊन गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातमोजे काढून बराच वेळ हात धूत राहिल्या. “गर्भाशय पूर्ण बाहेर आहे. घासून घासून जखमा झाल्यात,” त्या म्हणाल्या. “बाई, हे घेऊन तुम्ही रोज उभ्यानं नोकरी करता?”

“बसलं की जास्त टोचतं,” सासूबाई म्हणाल्या.

बाहेर बाकड्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. धाकट्याच्या वेळी दोन दिवस कळा. नोकरी नवी, कायम झालेली नव्हती, म्हणून विसाव्या दिवशी ड्युटीवर. महिनाभरात काहीतरी उतरल्यासारखं वाटायला लागलं. मग रोज पहाटे उताणं पडून हातानं आत ढकलायचं, चादरीची पट्टी घट्ट बांधायची आणि बस पकडायची. दुपारपर्यंत ते परत बाहेर. फेरी संपेपर्यंत लघवी तुंबवून धरायची, नाहीतर पाणीच प्यायचं नाही.

“कुणालाच सांगितलं नाहीत?”

“नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बायकांचं असंच असतं. आईला सांगितलं. ती म्हणाली, माझंही तसंच आहे. मग कुणाला सांगू?” आणि एकदम हसल्या. “अगं, ते उतरायला टपलेलं आणि मी बावीस वर्षं दार अडवून उभी!”

मला हसू आलं नाही. मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले. एक टाका दुखला तर मी घर डोक्यावर घेतलं होतं. या बाईनं एवढं अंगावर काढलं आणि कधी ब्रसुद्धा काढला नाही. जिला मी दगड समजत होते, तिच्यापुढे माझी मान आपोआप खाली गेली.

जखमा भरल्यावर आधी गर्भाशयाला आतून आधार देणारी रिंग बसवून पाहिली, ती तिसऱ्या दिवशी निसटली. मग ऑपरेशन झालं. गर्भाशय खालूनच काढलं, सैल झालेली झोळी आवळून शिवली. तीन महिने जड काही उचलायचं नाही, पुढेही जपायचं. सकाळी आम्ही दोघी शेजारी शेजारी आडव्या पडून व्यायाम करायचो: आवळा, दहा मोजा, सैल सोडा. एकदा मधेच त्यांना जोराची शिंक आली. त्या दचकल्या, थांबल्या, चाचपून पाहिलं.

“काहीच नाही झालं गं!” त्या म्हणाल्या. डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं.

कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी डेपोतल्या बायकांच्या खोलीचं दार लावून घेतलं. चौदा जणी जेवत होत्या. सासूबाईंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, चादरीच्या पट्टीसकट. कुणाचा घास तोंडाशी, कुणाचा डब्यात. “आता लाजत बसू नका,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांच्या वाटची लाज मी एकटीनं भोगून संपवलीय.”

मग बस झाडणारी म्हातारी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “माझंही बाहेर येतं.” तिच्यामागोमाग आणखी चौघी बोलल्या.

मंगळवारी सासूबाई पाचही जणींना दवाखान्यात घेऊन गेल्या. दोघींना व्यायाम दिला, दोघींना रिंग बसली. म्हातारीचं ऑपरेशन ठरलं. तिचं जवळचं कुणीच नव्हतं. फॉर्म भरताना नर्सनं विचारलं, “सोबत कोण राहणार? नातं काय?”

सासूबाईंनी पेन ओढून घेतलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: बहीण.