घागरीवर मावेल एवढं

निलंग्यात शिवाप्पांच्या भांड्यांच्या दुकानात नाव घालून घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक आधी बोलणी खायचं. मीही खाल्ली. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त होत होत्या. त्यांच्यासाठी घागर घेतली आणि कथा लिहिते म्हणून मिरवणाऱ्या मी चार ओळींचा मजकूर पुढे केला.

अप्पांनी तो दोनदा वाचला. "बाई, वात्सल्यसिंधू, ज्ञानतपस्वी... ह्यानं घागरीत पानी जास्ती मावतंय का?" शेवटी बाईंचं नाव आणि 'तुमच्या शाळेकडून' एवढंच उरलं. मला लई राग आला होता. पण निरोपाच्या दिवशी बाई त्या दोन शब्दांवरून बोट फिरवत रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं दुकानाची पायरी चढले.

अप्पा स्वतः लिहायचे, हे तेव्हा कळलं. सकाळी लिंगपूजा, मग एक पान, मग दुकान. घरी सोयरे आलेले असोत की अंगात ताप असो, पान चुकायचं नाही. "सुचायची वाट बघतेय," असं मी एकदा म्हणाले. "मीबी गिऱ्हाइकाची वाट बघतो की," ते म्हणाले, "पन दुकान उघडून." वाईट लिहिलं जाईल म्हणून मी घाबरायची, त्यावरही त्यांचं उत्तर तयार असायचं. "भांड्यावर चुकलं तर भांडं जातंय. कागदावर खोडता येतंय. मग भ्यायचं कशाला?"

लिहिलेलं पान ते बायकोला, गंगाबाईंना, वाचून दाखवायचे. गंगाबाईंना अक्षरओळख नाही. ऐकताना त्यांची नजर रस्त्याकडे गेली की अप्पा तिथं काट मारत. मला मात्र त्यांनी बजावलं होतं, "माझं वाचून छान म्हनू नका. छान म्हननाऱ्यानं वाचलेलं नसतंय. कुठं अडखळलात ते सांगा."

माझी नांदेडला बदली झाली, तेव्हा त्यांनी एक जाड वही माझ्या हातात दिली. एकोणिसाव्या वर्षी तापानं गेलेल्या त्यांच्या मुलीबद्दल, गौरीबद्दल, तीत लिहिलं होतं. इतक्या वर्षांत तिचं नाव मी त्या घरात ऐकलं नव्हतं. "ही तेवढी तिच्या आईला वाचून दाखवता येत न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमीच वाचा. बरोबर झालंय का एवढं सांगा. मग छापायचं का बघू."

मी नाही वाचली. काय सांगू, वेळ नव्हता असंही नाही. रोज पहाटे उठून माझं एक पान लिहीत होते, त्यांच्याच शिकवणीप्रमाणे, आणि वही कपाटात होती. सव्वा वर्ष गेलं. त्यांचा फोन आला, "बाई, झालं का वाचून?" मी पटकन म्हणाले, "हो अप्पा, छान झालंय."

ते म्हणाले, "बरं," आणि नांदेडात पाऊस कसा आहे ते विचारलं. वहीचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. फोन ठेवल्यावर तरी वाचायची ना. लाज वाटली म्हणून तेव्हाही वाचली नाही.

चार महिन्यांनी अप्पा गेल्याचं कळलं. एसटीत बसले आणि नांदेड ते निलंगा तेवढ्या वाटेत ती वही वाचून काढली. मी पोचेपर्यंत त्यांना माती दिली होती.

दिवस झाल्यावर गंगाबाईंनीच वही मागितली; अप्पांनी ती मला देताना त्यांनी पाहिलं होतं. "वाचा बाई. काय लिवलंय पोरीचं ते ऐकू द्या." मी वाचत गेले. गौरीला लातूरच्या दवाखान्यात नेलं त्या सकाळचं पान आलं. पिवळ्या साडीतली गौरी जीपमधून हात हलवते, असं अप्पांनी लिहिलं होतं.

"न्हाई," गंगाबाई म्हणाल्या. "हिरवी व्हती. मीच नेसवली. आन् हात न्हाई हलवला तिनं. माझा पदर धरला व्हता, सोडंना. हे पुढं बसले व्हते, ह्यास्नी दिसलं न्हाई."

मी सगळं सांगितलं. न वाचता छान म्हणाले तेही. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वही तुमच्याकडं कशाला दिली वो त्यांनी?" त्या म्हणाल्या. "मला ठावं व्हतं की सगळं. मी रोज हितंच बसलेली असायची."